टॉनिक, नेग्रोनी, मार्टिनी, गिमलेट : कोणत्या पेयासाठी कोणती जिन घ्यावी?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

नाशकात वाइनबद्दल जाणकारीने सांगणारे पुष्कळ जण आहेत आणि गंगापूर धरणाच्या वाटेवर प्रत्यक्ष चाखून निवड करण्याचीही सोय आहे. जिनच्या बाबतीत मात्र तसे नाही. कॉलेज रोडवरच्या किंवा गंगापूर रोडवरच्या दुकानात चौकशी केली, तर सर्वांत महाग बाटली पुढे केली जाते किंवा 'सध्या हीच चालते' एवढेच उत्तर मिळते. म्हणून हा धागा काढत आहे.

आम्ही पती-पत्नी दोघेही अधूनमधून शनिवारी संध्याकाळी घरीच एखादे पेय करून घेतो. आजवर जिन आणि टॉनिक (किनीन घातलेले कडसर सोडापाणी) एवढ्यावर भागत असे. दिवाळीत पुण्याच्या मेहुण्यांनी नेग्रोनी करून दिली आणि ती आम्हा दोघांनाही मनापासून आवडली. तीच घरी आमच्याकडच्या सौम्य, फुलांच्या वासाच्या जिनमधून केली तेव्हा मात्र जिनचा मागमूसही लागला नाही. तिच्यातल्या कॅम्पारी या लाल इटालियन मद्याचा कडवटपणा आणि वर्मुथ या वनस्पतींचा अर्क घातलेल्या वाइनची गोडी एवढेच जिभेवर उरले. तीच जिन टॉनिकमध्ये उत्तम लागते, त्यामुळे बाटलीत दोष आहे असेही म्हणवत नाही.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे : घरात दोन किंवा फार तर तीन बाटल्या ठेवायच्या असतील, आणि टॉनिक, नेग्रोनी, कधीतरी मार्टिनी व उन्हाळ्यात लिंबाची लांब (सोडा वगैरे घालून वाढवलेली) पेये एवढे सर्व करायचे असेल, तर त्या कोणत्या असाव्यात? भारतीय जिन आता बऱ्याच आल्या आहेत; त्या आयात केलेल्या जिनच्या तोडीच्या आहेत का? कृपया नुसते नाव न देता कारणही लिहावे, म्हणजे पुढच्या वेळी आम्हाला स्वतःला निवड करता येईल.

जुने_नाशिक

गोदाकाठ, तुमच्या फसलेल्या नेग्रोनीतच तुमचे उत्तर आहे. जिन निवडताना आधी पेय ठरवावे आणि त्या पेल्यात जिनच्या शेजारी आणखी काय असणार आहे ते पाहावे. शेजारी जितका बलवान, तितकी जिन ठाम हवी. मी वर्षानुवर्षे हाच नियम पाळत आलो आहे, आणि बाटलीच्या किमतीपेक्षा तो कितीतरी अधिक उपयोगी पडतो असे माझे ठाम मत आहे.

कारण विचारले आहे, म्हणून थोडे मुळापासून सांगतो. जिन म्हणजे मुळात वास-चव नसलेले शुद्ध मद्यार्क. त्यात जुनिपर या सूचिपर्णी झुडपाची फळे आणि इतर वनस्पतिद्रव्ये घालून ते पुन्हा ऊर्ध्वपातित करतात. युरोपीय नियमांप्रमाणे जुनिपरची चव प्रधान असली पाहिजे आणि मद्यार्काचे प्रमाण किमान ३७.५ टक्के असले पाहिजे. 'लंडन ड्राय' हा प्रकार लंडनमध्येच तयार व्हावा असे बंधन नाही. बंधन आहे ते पद्धतीचे. ऊर्ध्वपातनानंतर त्यात सुगंध किंवा रंग घालता येत नाही आणि साखर लिटरमागे ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून लंडन ड्राय जिन कोरडी (म्हणजे गोडी नसलेली), स्वच्छ आणि जुनिपरच्या देवदारी वासाची लागते.

जुनिपरखालोखाल महत्त्व धन्यांचे. धन्यांमुळे जिनला लिंबासारखी ताजी, किंचित मसालेदार धार येते, अँजेलिकाच्या मुळामुळे मातकट कोरडेपणा येतो आणि ज्येष्ठमधामुळे गोलाई. या द्रव्यांची यादी लांबलचक असली म्हणजे जिन अधिक चांगली, असे मुळीच नाही. टँकरे या जिनची ओळख जुनिपर, धने, अँजेलिका आणि ज्येष्ठमध या चारच द्रव्यांवर उभी आहे. दुसऱ्या टोकाला जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधली मंकी ४७ आहे, तिच्यात ४७ द्रव्ये आहेत. दोन्ही उत्तम आहेत, पण एकीचे काम दुसरीला सांगता येत नाही.

आता नेग्रोनी. जिन, कॅम्पारी आणि लाल वर्मुथ, प्रत्येकी ३० मिली. हे पेय १९१९च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये काउंट कामिल्लो नेग्रोनी यांच्या सांगण्यावरून झाले असे परंपरेने सांगतात. यात जिन एक तृतीयांश आहे आणि उरलेले दोन तृतीयांश शेजारी मोठ्या आवाजाचे आहेत. फुलांचा किंवा काकडीचा हळवा वास इथे टिकतच नाही. इथे टँकरे किंवा बीफईटर घ्यावी. बीफईटरची द्रव्ये मद्यार्कात २४ तास भिजत ठेवून मग ऊर्ध्वपातन करतात, त्यामुळे चव भरीव उतरते. याउलट बॉम्बे सफायरमध्ये द्रव्ये तांब्याच्या टोपल्यांत ठेवून त्यांच्यातून नुसती वाफ नेतात, म्हणून ती हलकी आणि तरल होते. टॉनिकमध्ये हाच तिचा गुण आहे. नेग्रोनीत तो दबून जातो. बाटलीवरचे टक्केही पाहावेत, कारण बर्फ वितळू लागला की ३७.५ टक्क्यांची जिन लवकर पातळ लागते. नेग्रोनीसाठी ४२-४३ टक्क्यांच्या खाली जाऊ नये असे मला वाटते. वर संत्र्याची साल लागतेच. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि मऊ असल्यामुळे ती पिळताना तेल नीट उडत नाही. त्यापेक्षा घट्ट सालीचे माल्टा संत्रे मिळाले तर घ्यावे आणि सालीचा चकतीएवढा तुकडा पेल्यावर धरून रंगीत बाजू खाली ठेवून दुमडावा. तेलाचा बारीक फवारा पृष्ठभागावर पसरलेला डोळ्यांना दिसतो.

मार्टिनीत सगळे उलटे आहे. इथे शेजारी जवळजवळ कोणीच नाही. ६० मिली जिन आणि १० ते १५ मिली कोरडे वर्मुथ. म्हणजे जिन जशी असेल तशीच तुमच्या समोर येते. इथे ठामपणापेक्षा घडण महत्त्वाची. माझी पसंती टँकरे नंबर टेनला आहे. २००० साली आलेली ही जिन ताज्या लिंबूवर्गीय फळांसह ऊर्ध्वपातित करतात, तिच्यात कॅमोमाइलची फुले आहेत आणि ती ४७.३ टक्के असूनही घशाला बोचत नाही. मिळाली तर प्लिमथही घ्यावी. इंग्लंडमधील प्लिमथ शहरात १७९३ पासून एकाच ठिकाणी ती तयार होते आणि लंडन ड्रायपेक्षा थोडी मऊ, मातीच्या अंगाची असते. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीतले तापमानच इतके असते की मार्टिनी पाच मिनिटांत कोमट होते, म्हणून पेला आणि जिन दोन्ही फ्रीझरमध्ये ठेवावीत. चाळीस टक्क्यांवरची जिन घरच्या फ्रीझरमध्ये गोठत नाही. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी : फ्रीझरमधली जिन बर्फावर ढवळली तरी बर्फ फारसा वितळत नाही आणि पेय अंगावर येते. अशा वेळी ६० मिली जिनमध्ये साधारण १५ मिली थंड पाणी मोजून घालावे. हे पाणी म्हणजे भेसळ नव्हे. मार्टिनीच्या कृतीत ते गृहीतच धरलेले असते, फक्त एरवी ते बर्फातून येते.

टॉनिकबद्दल थोडक्यात लिहितो, कारण टॉनिक बहुतेक जिनना सांभाळून घेते. एक भाग जिनला दोन ते अडीच भाग टॉनिक, पेला काठोकाठ बर्फाने भरलेला, आणि टॉनिक फ्रीजमधले थंडगार व छोट्या बाटलीतले. मोठ्या बाटलीतले टॉनिक दुसऱ्या पेल्यापर्यंत निस्तेज होते. हळव्या जिनला कमी गोड टॉनिक द्यावे. हेंड्रिक्समध्ये काकडी आणि गुलाबाचा अर्क आहे, तिच्यात काकडीची लांब पातळ काप घालावी, लिंबू पिळू नये. जपानच्या रोकूमध्ये साकुराची (जपानी चेरीची) फुले व पाने, युझू हे लिंबूवर्गीय फळ, दोन प्रकारचा हिरवा चहा आणि सांशो मिरी आहे. तिच्याबरोबर आल्याचे बारीक उभे काप शोभतात.

सातपूरवासी

जुने_नाशिक यांचा प्रतिसाद अतिशय माहितीपूर्ण आहे आणि पेय आधी ठरवावे हे मलाही मान्य आहे. परंतु भारतीय जिनचा उल्लेख त्यात राहून गेला आहे, आणि धागाकर्त्यांनी तो प्रश्न स्पष्टपणे विचारला होता.

२०१७ मध्ये नाओ स्पिरिट्सने गोव्यात ग्रेटर दॅन आणली, तिथून आपल्याकडे या क्षेत्राचे चित्र बदलले. त्याआधी भारतीय जिन म्हणजे ब्लू रिबँड ही जिन आणि लाइम कॉर्डियल (साखरेत टिकवलेला लिंबाचा रस) असेच समीकरण होते. ग्रेटर दॅन ही सरळ लंडन ड्राय पद्धतीची जिन आहे. जुनिपरच्या जोडीला तिच्यात आले, गवती चहा, बडीशेप आणि कॅमोमाइल आहे. किंमत आणि दर्जा यांचा मेळ पाहिला, तर रोजच्या वापरासाठी मला ती कोणत्याही आयात केलेल्या बाटलीपेक्षा कमी वाटत नाही. त्याच कंपनीची हपुसा हिमालयातील जुनिपरपासून होते, सोबत हळद, आंबा, वेलदोडा, आले आणि गंधराज लिंबू. ही जिन गडद आणि मातकट आहे. तिच्यात टॉनिकची गोडी मला खटकते; थंड सोडा आणि मोठ्या बर्फाच्या खड्यावर ती जास्त खुलते.

नेग्रोनीबाबत माझे मत वेगळे आहे. केवळ जुनिपर ठाम असणे हाच तिथे तग धरण्याचा मार्ग नव्हे, मसालाही टिकतो. गोव्याच्याच स्ट्रेंजर अँड सन्समध्ये काळी मिरी, जायपत्री आणि लिंबूवर्गीय साली आहेत आणि कॅम्पारीच्या कडवटपणाखालून ती मिरी शेवटच्या घोटापर्यंत जाणवत राहते. लाल वर्मुथमध्येही मसाल्याची द्रव्ये असतातच, त्यामुळे दोघांचे जुळते. रॅडिको खेतानची जैसलमेर मात्र नेग्रोनीत घालवू नये. तिच्यात वाळा, गवती चहा, कंकोळ आणि दार्जिलिंगचा हिरवा चहा आहे. तो वाळ्याचा गारवा टॉनिकमध्ये आणि संत्र्याच्या सालीबरोबरच कळतो.

किमतीबद्दलही एक गोष्ट नोंदवतो. ब्रिटनमधून येणाऱ्या जिनवर भारताचे आयात शुल्क २०२५ पर्यंत १५० टक्के होते. जुलै २०२५ मध्ये दोन्ही देशांनी सही केलेल्या व्यापार करारात व्हिस्की आणि जिनवरचे हे शुल्क आधी ७५ टक्क्यांवर आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे. म्हणजे आज आयात केलेल्या बाटलीसाठी आपण जे मोजतो त्यातला मोठा हिस्सा चवीचा नाही. दुकानात दोन बाटल्या शेजारी ठेवून किमतीवरून दर्जा ठरवू नये, ते याचसाठी.

जुने_नाशिक

सातपूरवासी, उणीव भरून काढल्याबद्दल आभार. स्ट्रेंजर अँड सन्सबद्दल तुमचे म्हणणे पटण्यासारखे आहे, तरी पहिली नेग्रोनी करणाऱ्याने जुनिपरप्रधान जिनपासूनच सुरुवात करावी या मतावर मी कायम आहे. मूळ चव एकदा जिभेवर बसली की मसाल्याने तिच्यात काय बदल होतो ते समजते. हपुसा सोड्याबरोबर घ्यावी, हे मात्र शंभर टक्के मान्य.

गोदाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बऱ्याच गोष्टी उलगडल्या. आता दोन शंका आहेत. गिमलेट (जिन आणि लिंबाचे पेय) आणि टॉम कॉलिन्स (जिन, लिंबू, साखर आणि सोड्याचे लांब पेय) घरी करायचे तर बाजारातले लाइम कॉर्डियल वापरावे की ताजे लिंबू? आणि एका जिनमध्ये टॉनिक ओतल्यावर पेय किंचित दुधाळ झाले. ते खराब झाल्याचे लक्षण आहे का?

इंदिरानगर_स्वयंपाकघर

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देते, कारण ते सोपे आहे. दुधाळपणा हे खराबीचे लक्षण नाही. जुनिपर, धने आणि सालींमधली सुगंधी तेले मद्यार्कात विरघळलेली असतात; पाणी, बर्फ किंवा टॉनिक मिसळून मद्यार्काचे प्रमाण उतरले की जास्त तेल असलेल्या जिनमधून ती बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडतात आणि पेय धूसर दिसते. निर्धास्तपणे घ्यावी.

गिमलेटबाबत माझे मत फार आग्रही आहे. हे पेय कॉर्डियलचेच आहे. नुसते ताजे लिंबू आणि साखर घातली तर ते चांगले लागते, पण त्याला सालीचा तो किंचित कडसर, मुरलेला वास येत नाही. लॉकलन रोझ यांनी १८६७ साली लिंबाचा रस मद्यार्काशिवाय, साखरेत टिकवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि जहाजांवर तो रस जाऊ लागला; गिमलेटची घडण त्या गोड कॉर्डियलभोवती झाली आहे. आपल्याकडे बाजारात मिळणारी बरीच कॉर्डियल फार गोड आणि कृत्रिम हिरव्या रंगाची असतात. घरी करणे अवघड नाही आणि आपल्या हाताशी कागदी लिंबू असताना तर ते न करणे म्हणजे चांगला जिन्नस वाया घालवणे आहे.

सहा-सात रसरशीत, पातळ सालीची लिंबे धुऊन कोरडी करावीत. कागदी लिंबाची साल इतकी पातळ असते की सोलाण्याने ती नीट निघत नाही आणि आतला पांढरा भाग सोबत येऊन कडूपणा उतरतो. म्हणून किसणीच्या सर्वांत बारीक बाजूवर, हाताचा भार न देता, वरचा रंगीत पापुद्रा तेवढा किसून घ्यावा. तो पाऊण वाटी साखरेत बोटांनी चोळावा. साखर लगेच ओलसर, पोपटी होते आणि सगळ्या स्वयंपाकघरात वास सुटतो. झाकून तीन-चार तास ठेवावे. मग त्याच लिंबांचा रस काढून त्यात घालावा, साखर विरघळेपर्यंत ढवळावे, गाळावे आणि काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवावे. गॅसवर ठेवू नये; उकळलेल्या रसाला शिजका वास येतो. आठवडाभरात संपवावे. ६० मिली जिनला २० ते २५ मिली कॉर्डियल, भरपूर बर्फाबरोबर हलवून गाळून घ्यावे.

यासाठी जिन कोणती? लिंबाची साल इतकी बोलकी असते की लिंबूप्रधान जिन घेतली तर दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. जुनिपर ठळक असलेली साधी लंडन ड्राय इथे हवी. बीफईटर उत्तम, ग्रेटर दॅनही छान. मैत्रिणींसाठी करताना मी ग्रेटर दॅनच वापरते, कारण तिच्यातला गवती चहा लिंबाच्या आड न जाता त्याच्या मागून येतो.

टॉम कॉलिन्स मुळात ओल्ड टॉम जिनमध्ये करत. ओल्ड टॉम ही एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय असलेली किंचित गोड जिन आहे. नाशकात ती क्वचितच दिसते, तेव्हा लंडन ड्राय घेऊन साखरेचा पाक थोडा वाढवावा. फरक पडतो, पण पेय बिघडत नाही. परदेशी कृतींत मोठे पिवळे लिंबू धरलेले असते, आपल्या कागदी लिंबाची धार त्यापेक्षा जास्त लागते. म्हणून कृतीत ३० मिली रस लिहिला असेल तर २० मिलीपासून सुरुवात करावी, चव घ्यावी आणि मग वाढवावा.

उन्हाळ्यासाठी आणखी एक पेय सुचवते. ५० मिली ग्रेटर दॅन, दोन चहाचे चमचे कोकमाचे आगळ, १५ मिली साखरेचा पाक, वरून थंड सोडा. आगळात मीठ असते, तेव्हा वेगळे मीठ मुळीच घालू नये. तयार अमृत कोकम वापरायचे असेल तर पाक वगळावा. इथे महागडी जिन वापरू नये, कोकम तिला पुढे येऊच देत नाही.

दिंडोरीचा_बागायतदार

धागा वाचून आनंद झाला. आमच्या भागात द्राक्षे आणि वाइन दोन्ही आहेत, म्हणून त्या अंगाने थोडी भर घालतो.

वर कोणी फ्रेंच ७५चा उल्लेख केला नाही, आणि नाशिककरांनी तर ते आवर्जून करावे असे पेय आहे. ३० मिली जिन, १५ मिली लिंबाचा रस, १५ मिली साखरेचा पाक बर्फाबरोबर हलवून उंच पेल्यात गाळायचे आणि वरून ७५ ते ९० मिली थंड स्पार्कलिंग वाइन ओतायची. त्याचे नाव फ्रेंच सैन्याच्या ७५ मिलिमीटर तोफेवरून पडले आहे. मूळ कृतीत शॅम्पेन आहे, पण इथल्या ब्रूट (म्हणजे गोड नसलेल्या) प्रकारच्या स्पार्कलिंग वाइनने ते फार सुरेख होते. सुलाची ब्रूट किंवा आमच्या दिंडोरीत तयार होणारी शाँदाँ, दोन्हींची आंबटाई लिंबाला धरून राहते. गोड स्पार्कलिंग घेऊ नये, कारण पाक आधीच आहे. जिन स्वच्छ आणि हलकी असावी. बॉम्बे सफायर इथे आपले खरे रूप दाखवते. हपुसासारखी गडद जिन वाइनच्या फळांच्या वासावर सावली धरते. एकदा बूच काढले की बाटली त्याच संध्याकाळी संपवावी लागते, म्हणून सात-आठ जण जमणार असतील तेव्हाच हा बेत करावा.

ताज्या द्राक्षांची पेयेही पुष्कळ जण करतात, परंतु त्यात एक अडचण आहे. आपल्या थॉमसनसारख्या खाण्याच्या द्राक्षांना गोडी आणि आंबटपणा भरपूर असतो, वास मात्र फार कमी. त्यामुळे द्राक्षे चेचून साध्या जिनमध्ये घातली तर परिणामी साखरपाणीच हाती येते. इथे वास जिनने पुरवायचा असतो. आठ-दहा हिरवी द्राक्षे, शक्यतो पूर्ण न पिकलेली आणि आंबटसर, पेल्यात हलकेच चेचावीत, बिया असतील तर त्या फुटू देऊ नयेत. त्यावर ५० मिली हेंड्रिक्स किंवा जैसलमेर, १० मिली लिंबाचा रस, बर्फ, आणि सोडा. पाक लागत नाही. जैसलमेरमधला वाळा आणि आंबट द्राक्ष यांची जोडी मला सर्वांत आवडते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बागेतून उतरलेला ताजा माल हाताशी असताना त्याची सर दुसऱ्या कशाला येत नाही. काळी शरद सीडलेस वापरली तर रंग देखणा येतो, पण आंबटपणा कमी पडतो, तेव्हा लिंबू थोडे वाढवावे. बाजारातली द्राक्षे असतील तर मिठाच्या पाण्यात काही वेळ ठेवून वाहत्या पाण्याखाली नीट धुवावीत.

नवीन_सिडको

मूळ प्रश्नाशी निगडित एक सावधगिरी सांगतो. गोव्यात याच भारतीय जिन बऱ्याच स्वस्त मिळतात म्हणून येताना गाडीत बाटल्या आणण्याचा मोह होतो. केवळ गोव्यात विक्रीसाठी असलेले मद्य परवानगीशिवाय महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग त्यावर कारवाई करतो. बाटलीवर कोणत्या राज्यात विक्रीसाठी आहे ते छापलेले असते. तसेच आपल्याकडे बीअर आणि वाइनसाठी वयोमर्यादा २१ असली तरी जिनसारख्या मद्यासाठी ती २५ आहे आणि मद्य बाळगण्या-पिण्यासाठी परवाना लागतो. एक वर्षाचा किंवा आजीवन परवाना काढून ठेवणे सर्वांत सोयीचे. ज्यांना हृदयाच्या ठोक्यांसाठी किंवा रक्त पातळ ठेवण्यासाठी औषधे चालू आहेत, त्यांनी टॉनिकमधल्या किनीनबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे.

गोदाकाठ (धागाकर्ता)

सर्व प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. आमच्याकडची सौम्य जिन टॉनिक आणि फ्रेंच ७५साठी ठेवतो, हे नक्की. आता आणखी दोनच बाटल्या घ्यायच्या तर कोणत्या, आणि कोणत्या क्रमाने? वर्मुथ कोणते आणि ते किती दिवस टिकते, हेही सांगावे.

जुने_नाशिक

पहिली बाटली निःसंशय जुनिपरप्रधान लंडन ड्राय. टँकरे किंवा बीफईटर यांपैकी जी त्या दिवशी दुकानात असेल ती घ्यावी. खर्च आटोपता ठेवायचा असेल तर ग्रेटर दॅन. या एका बाटलीत नेग्रोनी, गिमलेट, टॉम कॉलिन्स आणि कोकमाचे पेय एवढे सर्व होते, आणि मार्टिनीही होते. ७५० मिलीच्या बाटलीत ६० मिलीचे बारा पेले होतात, तेवढ्यात तुम्हाला आपली जीभ काय मागते ते समजेल.

दुसरी बाटली लगेच घेऊ नये. पहिली निम्मी झाली की ठरवावे. तोवर मार्टिनीची गोडी लागली असेल तर टँकरे नंबर टेन, आणि टॉनिककडेच मन ओढत असेल तर जैसलमेर किंवा रोकू. वहिनींना फुलांचा वास आवडतो असे तुमच्या लिहिण्यावरून वाटले. तसे असेल तर हेंड्रिक्सचाही विचार करावा, द्राक्षांच्या दिवसांत तिचा दुहेरी उपयोग होईल. निवड शक्यतो त्यांच्यावरच सोपवावी, कारण पहिली बाटली तुमच्या नेग्रोनीसाठी आली आहे.

घेण्यापूर्वी चाखता आली तर उत्तम. एखाद्या चांगल्या परमिट रूममध्ये दोन वेगवेगळ्या जिनचे ३० मिली मागवावे, बर्फ न घालता, शेजारी साधे पाणी ठेवून. आधी नुसता वास घ्यावा, मग एक घोट, मग तितकेच पाणी घालून पुन्हा एक घोट. पाणी घातल्यावर जी जिन उघडते आणि तरीही पसरट होत नाही, ती लांब पेयांत टिकते. टॉनिक घालून तुलना करू नये, त्यात दोन्हींतला फरक निम्म्याने झाकला जातो.

जिन उन्हापासून दूर, बंद कपाटात उभी ठेवावी. आपल्याकडे एप्रिलमध्ये गच्चीलगतच्या खोल्या फार तापतात, तिथे नको. बाटली अर्ध्याच्या खाली गेली की वरच्या हवेमुळे सालींचा ताजा वास हळूहळू उडतो, तेव्हा ती वर्षानुवर्षे जपून ठेवण्यात अर्थ नाही.

वर्मुथ ही वाइनच आहे, फक्त वरून मद्यार्क आणि वनस्पतींचा अर्क घातलेली. म्हणून बूच उघडल्यापासून ती फ्रीजमध्येच ठेवावी आणि महिना-दीड महिन्यात संपवावी. अनेक घरांत ती शोकेसमध्ये वर्षभर उभी असते आणि मग नेग्रोनी आंबूस लागली की दोष जिनला जातो. नेग्रोनीसाठी मार्टिनी रोसो (इथे मार्टिनी हे वर्मुथच्या नाममुद्रेचे नाव आहे) किंवा चिंझानो रोसो पुरे, आणि मार्टिनी या पेयासाठी त्याच नाममुद्रांचे कोरडे वर्मुथ. दोन्ही एकदम घेऊ नका. आधी लाल घ्यावे, छोटी बाटली मिळत असेल तर तीच, आणि झाकणावर उघडल्याची तारीख लिहून ठेवावी.